चारशे बारा नंबरची डबी

आमचे हे अडतीस वर्षं रेल्वेच्या हरवले-सापडले खात्यात होते. स्टेशनाच्या जिन्याखाली एक खोली, खोलीत एक काउंटर, काउंटरवर एक घंटी आणि घंटीमागे हे. लोकांच्या छत्र्या, चष्मे, कवळ्या, एकदा तर कुणाच्या तरी अस्थींचा कलश, सगळं यांच्या हातून गेलं. आणि त्या अडतीस वर्षांत यांनी स्वतःच्या घरातला एकही खण उघडला नाही. मोजे कुठे असतात तेसुद्धा रोज मला विचारायचे. मग मार्चअखेर निवृत्त झाले आणि एक एप्रिलला सकाळी सहा वाजता टाय लावून माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले.

त्यांनी तिसरा खण उघडला.

पहिल्या खणात जेवणाच्या काड्या आणि चमचे, दुसऱ्यात झारे-चिमटे, आणि तिसऱ्यात बाकीचं सगळं. ज्या घरात तिसरा खण नाही त्या घरात माणसं राहत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. रबरबँड, पावाच्या पिशवीचे चिमटे, सोया सॉसच्या माशाच्या आकाराच्या इवल्याशा बाटल्या, जिवंत की मेलेल्या ते ठाऊक नाही अशा बॅटऱ्या, कपाट जोडून झाल्यावर उरलेला एक स्क्रू, कुठलंच कुलूप न उघडणाऱ्या नऊ किल्ल्या. त्यातलं काहीही मला डोळे मिटून सापडायचं. हे मात्र अपघात पाहिल्यासारखे उभे होते.

"किनुयो, हे किती वर्षं बेवारस पडलंय?" त्यांनी विचारलं.

"बेवारस कसं? मी आहे की."

"पावती आहे?"

मी तांदूळ धुवायला लागले. तिथेच चुकलं. तेव्हाच तो खण त्यांच्या बोटांसकट लावून टाकला असता तर पुढचं काही घडलं नसतं.

आठवड्याभरात आमची मुलगी चिनात्सु हिच्या रिकाम्या खोलीत काउंटर आला. ती ओसाकाला नोकरी करते, त्यामुळे तिची खोली बरीच वर्षं नुसती पडून होती. काउंटर म्हणजे तिचंच शाळेतलं टेबल, दारात आडवं लावलेलं. घंटी त्यांना सहकाऱ्यांनी निरोप समारंभात दिली होती. दुसरं काही द्यायला सुचलं नव्हतं का त्यांना, मला अजून कळत नाही. मग यांनी घरातली प्रत्येक सुटी वस्तू उचलली, तिला दोऱ्याने पांढरी चिठ्ठी बांधली आणि जाड वहीत नोंद केली. क्रमांक, तारीख, सापडल्याची जागा, सापडवणाऱ्याचं नाव, वर्णन. मुदत तीन महिने. तोपर्यंत मालक आला नाही तर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी, न जळणाऱ्या कचऱ्याच्या गाडीत. खाण्याची वस्तू असेल तर मात्र त्याच दिवशी फेकायची, कारण खाणं ठेवलं की वास येतो आणि मुंग्या होतात. हा स्टेशनाचा नियम.

मे महिन्यात मला माझं अंगुस्तान हवं होतं. शिवताना बोटात घालायचं, चामड्याचं, आईने दिलेलं. मी दारात गेले तर हे समोरच बसलेले, पण माझ्याकडे बघेनात. शेवटी मी घंटी वाजवली. यांनी लगेच उठून वाकून नमस्कार केला आणि अर्ज पुढे सरकवला.

"वस्तूची खूण?"

"आत माझं बोट बसतं."

"बोट कुणाचंही बसेल. खूण सांगा."

चाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोला अहो-जाहो करतात म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. खूण तुमच्या टकलावर उमटेल असं मी म्हणाले. त्यांनी ते अर्जावर लिहिलं नाही, पण अंगुस्तानही दिलं नाही. कडेला निळ्या दोऱ्याचे तीन टाके आहेत हे मला आठवायला दोन दिवस लागले.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी सोसलं असतं. पण शेजारच्या ओदागिरीबाई एकदा लोणच्याच्या बरणीचं झाकण हरवलं म्हणून कुरकुरत आल्या. यांनी मोजपट्टी घेतली, वही उघडली आणि दोन मिनिटांत नेमक्या मापाचं झाकण काढून दिलं, जे पंधरा वर्षांपूर्वी बाईंनीच आमच्याकडे लोणचं देताना बरणीवर ठेवलं होतं. मग काय, बाई गल्लीभर सांगत सुटल्या. तुमचे यजमान म्हणजे रत्न आहेत हो, असं मला येता-जाता सांगायच्या. रत्न घरी नेऊन बघा म्हणजे कळेल, असं मी मनात म्हणायचे आणि वर हसायचे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी चिनात्सुचं लग्न ठरलं होतं. दिवस शुभ होता, हॉल मिळाला होता, जावई कुरोइवा आडनावाचा शांत मुलगा होता. माझ्या डोक्यात फक्त एकच वस्तू होती. चिनात्सु जन्मली तेव्हा दवाखान्यातून मिळालेली नाळेची डबी. काडेपेटीएवढी, हलक्या पांढुरक्या लाकडाची, आत कापसात वाळलेली नाळ. माझ्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात माझ्या आईने माझी डबी माझ्या हातात ठेवली होती. ती एरवी फार बोलणारी बाई, पण त्या दिवशी काही बोलली नाही, आणि मला तेवढंच आठवतं. चिनात्सुची डबी मी माझ्या हाताने तिच्या हातात ठेवणार, हे मी एकतीस वर्षांपूर्वी दवाखान्याच्या खाटेवरच ठरवलं होतं.

ती डबी माझ्या किमोनोच्या कपाटात होती. ऑगस्टमध्ये यांचा मोर्चा कपाटांकडे वळला तेव्हा मी घाबरले. या माणसाने डबीला चिठ्ठी बांधून नंबर घातला तर मी काय करायचं? म्हणून मी ती गुपचूप काढली आणि सगळ्यात सुरक्षित जागी नेली. स्वयंपाकघर त्यांनी एप्रिलमध्येच संपवलं होतं, म्हणजे तिथे ते परत येणार नव्हते. वरच्या फळीवर वाळवलेल्या माकुळाचा रिकामा डबा होता; माकूळ म्हणजे बिअरबरोबर भाजून खायची यांची आवडती मासळी. डॉक्टरांनी यांना रक्तदाबासाठी खारट बंद केलं होतं, माकुळाचं तर नावसुद्धा काढायचं नाही असं बजावलं होतं. त्या डब्याला ते हात लावणार नाहीत म्हणून मी डबी त्यात ठेवली. मी स्वतःला फार हुशार समजत होते.

लग्नाला दहा दिवस असताना मी फळीवरून डबा काढला. आत माकुळाचा वास होता आणि दुसरं काही नव्हतं.

मी स्टुलावरच बसून राहिले. मग सगळे डबे काढले. सुके मशरूम, समुद्रशेवाळ, तीळ. घरात आता एक टाचणीसुद्धा वहीबाहेर नव्हती, आणि हरवली होती ती नेमकी ही एक वस्तू. विचारावं तर लाज. आयुष्यात माझी एकही वस्तू हरवली नाही, असं मी एप्रिलपासून या माणसाला रोज ऐकवत आले होते.

शनिवारी हे केस कापायला गेले. डोक्यावर आहेत किती, पण महिन्यातून एकदा जातात. मी टेबलावरून पाय टाकून आत शिरले आणि वही उघडली. ऑक्टोबरच्या पानावर, अगदी खाली, सुबक अक्षरात लिहिलं होतं:

"क्रमांक ४१२. सापडल्याची जागा: स्वयंपाकघर, वरची फळी, माकुळाचा डबा. डबा उघडण्याचं कारण: वैयक्तिक. वर्णन: लहान लाकडी डबी, आत कापूस, त्यात वाळलेला तपकिरी पदार्थ, तीन सेंटिमीटर. वर्ग: खाद्य. माकूळ असावा."

खाद्य. त्याच दिवशी फेकायचं. तारीख सहा दिवसांपूर्वीची होती आणि मधल्या मंगळवारी जळणाऱ्या कचऱ्याची गाडी येऊन गेली होती. त्या दिवशी पिशवी मीच कोपऱ्यावर नेऊन ठेवली होती. कावळ्यांनी फोडू नये म्हणून वर जाळी नीट ओढली होती.

मला रडू आलं. रागाने आलं की दुःखाने ते मला तेव्हा कळलं नाही आणि आताही सांगता येणार नाही. एकतीस वर्षं जपलेली वस्तू मीच माकुळाच्या डब्यात घालते, मीच कचऱ्यात नेऊन ठेवते, वर जाळीही ओढते. आणि हा माणूस स्वतःच्या मुलीची नाळ बघून माकूळ म्हणतो.

हे परत आले ते न्हाव्याकडच्या तेलाचा वास घेऊन. मी त्यांना बूटही काढू दिले नाहीत.

"तुम्ही चिनात्सुची नाळ फेकलीत," मी म्हणाले. "ती जन्मली तेव्हाही तुम्ही नव्हतात. पाऊस होता, छत्र्या फार आल्यात, असं फोनवर सांगितलंत. संध्याकाळी आलात, बाळाच्या मनगटावरची नावाची चिठ्ठी वाचलीत आणि म्हणालात गाठ सैल आहे. हे तुमचं पोरीकडे बघून पहिलं वाक्य. आणि आता तिची नाळ तुम्ही माकूळ म्हणून फेकलीत. लोकांच्या फाटक्या छत्र्या तीन महिने ठेवता आणि स्वतःच्या पोरीची नाळ एक दिवस नाही ठेवता आली?"

हे दारात एका पायावर उभे होते. दुसऱ्या पायातला बूट अर्धा निघाला होता.

"वही वाचलीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"वाचली."

"पान उलटलंस?"

त्यांनी बूट काढून नीट जोडीने लावले, कारण घर जळत असतं तरी त्यांनी ते लावलेच असते. मग खोलीत जाऊन वही आणली आणि पान उलटून माझ्यासमोर धरली.

"क्रमांक ४१२, पुढे चालू. डबी उलटी केली असता तळाला शाईने तारीख, दुपारी चार दहा, आई-वडिलांची नावं. खाद्य नाही. नोंदणाऱ्याची चूक. सापडवणारी व्यक्ती: हातानाका किनुयो. एकतीस वर्षं सांभाळली. मालक: हातानाका चिनात्सु."

मी ते दोनदा वाचलं. नंतर माझ्या डोळ्यांसमोर चित्र आलं आणि मी विचारलं, डबी उलटी करायच्या आधी तुम्ही नक्की काय करत होतात?

"बिअर काढली होती," हे म्हणाले. मान खाली होती. "आणि शेगडीवर जाळी ठेवली होती. माकूळ जरा भाजला की..."

"भाजलात?"

"नाही. भाजण्याआधी तारीख बघतो मी. खाण्याच्या वस्तूवरची तारीख बघायची सवय आहे."

शिळा माल तपासायच्या सवयीने पोरीची नाळ वाचली, म्हणून मी हसायला लागले, आणि हसता हसता पुन्हा रडले. हे खिशातून रुमाल काढून देत होते. रुमालालाही चिठ्ठी होती. मग मी डोळे पुसले आणि हात पुढे केला. आणा डबी, म्हटलं.

"ते होणार नाही," हे म्हणाले.

"का?"

"तू मालक नाहीस. तू सापडवणारी आहेस. वस्तू मालकाला मिळते. मालकाने स्वतः यावं, अर्ज भरावा, खूण सांगावी."

मी खूप बोलले. त्या दिवसापासून त्यांना मिसो सूप वाढणं बंद केलं. ओदागिरीबाईंना मध्ये घातलं, तर त्या म्हणाल्या, नियम तर बरोबर आहे हो त्यांचा. पालथ्या घड्यावर पाणी. त्या माणसाने अडतीस वर्षं कुणालाही खूण सांगितल्याशिवाय काही दिलं नव्हतं. आणि मला काळजी होती ती निराळ्याच गोष्टीची. चिनात्सुने ती डबी जन्मात पाहिलेली नाही. ती खूण सांगणार कशी? आणि सांगितली तरी डबी तिला हे देणार, काउंटरवरून, मोजे दिल्यासारखी. माझ्या आईने माझ्या हातात ठेवली तशी ठेवायला मी एकतीस वर्षं थांबले होते, ते गेलंच.

लग्नाच्या आदल्या रविवारी चिनात्सु आली. उरलेलं सामान न्यायला आली होती. तिच्या खोलीच्या दारात तिचंच टेबल आडवं, मागे बाप टाय लावून बसलेला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले आणि म्हटलं, तुझी एक वस्तू जमा आहे, घंटी वाजव.

तिने वाजवली. हे उठून वाकले. तीही वाकली. लहानपणापासून बापावर गेलेली पोर, तिला यात काहीच विचित्र वाटलं नाही. तिने अर्ज घेतला आणि विचारलं, "बाबा, वस्तू काय आहे?"

"ते तू सांगायचं," हे म्हणाले.

मी मागून तोंडाने खुणा करत होते, डबी, लाकूड, पोट. हे न वळता म्हणाले की साक्षीदारांनी मदत करू नये. चिनात्सु माझ्या हातांकडे बघत राहिली. मी पुन्हा पोटावर हात ठेवला. तिचा चेहरा बदलला. मग ती वाकून लिहायला लागली आणि बराच वेळ लिहीत राहिली. मला दिसत नव्हतं, म्हणून मी अगदी जवळ जाऊन तिच्या खांद्यावरून वाचलं.

वस्तू: माझी नाळ. शेवटची कुठे पाहिली: पाहिली नाही, आईला चिकटलेली होती. हरवल्याची वेळ: जन्मल्याबरोबर.

आणि खुणेच्या रकान्यात तिने लिहिलं होतं: "दुसरं टोक माझ्याकडे आहे."

हे वाचत होते. बोट कुणाचंही बसेल, असं म्हणणारा हा माणूस. बेंबी सगळ्यांनाच असते, असं आता म्हणतील म्हणून मी घंटीवर नजर ठेवून होते. म्हणाले तर घंटी उचलून डोक्यात घालायची, एवढं मी ठरवलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"खूण जुळते," ते म्हणाले.

मग त्यांनी टेबल सरकवलं, मला आत बोलावलं आणि स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. डबी काढून माझ्या हातात दिली. चिठ्ठी तशीच होती. मी विचारलं, हे काय?

"सापडवणारा हजर असेल तर त्याने स्वतःच्या हाताने द्यायची," हे म्हणाले. "खात्याचं काम फक्त शिक्का मारायचं."

असा काही नियम स्टेशनात आहे का, ते मी अजून विचारलेलं नाही. मी डबी चिनात्सुच्या हातात ठेवली. तिच्याशी बोलायच्या म्हणून मी एकतीस वर्षांत बऱ्याच गोष्टी जमवल्या होत्या, त्यातली एकही तेव्हा आठवली नाही. तिने डबी कानाशी धरून हलवली, लहानपणी भेटवस्तू हलवायची तशी. मग वास घेतला आणि म्हणाली, "आई, याला माकुळाचा वास का येतोय?"

आम्ही दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

शेवटी पोचपावती; आमच्याकडे सहीऐवजी आडनावाचा शिक्का मारतात. हातानाका आडनावाचा, शाळा सोडताना आम्ही घेऊन दिलेला छोटा शिक्का तिने पिशवीतून काढला आणि लाल शाईत बुडवून वहीत मारला. जरा वाकडा उमटला. हे कधी वाकडा शिक्का चालवून घेत नाहीत, पण या वेळी त्यांनी वही मिटली. नंतर ती चहा प्यायली, दोन खोकी घेतली आणि संध्याकाळच्या आधीच्या गाडीने गेली. शिक्का टेबलावरच राहिला. आणखी आठ दिवसांनी ती कुरोइवा होणार होती, तिला त्याची गरज नव्हती. विसरली की ठेवून गेली, ते तिलाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिसरा खण उघडला. त्यात तो शिक्का होता, चिठ्ठी बांधलेला. क्रमांक ४१९. मालक: चिनात्सु. मुदतीच्या रकान्यात "तीन महिने" लिहून त्यावर दोन रेघा मारल्या होत्या, आणि खाली काहीच लिहिलं नव्हतं.

मी खण लावला, ओट्यावर टिचकी वाजवली आणि यांना हाक मारली. हे टाय सावरत आले. मी म्हटलं, हा माझा खण आहे. इथे वस्तू ठेवायची असेल तर अर्ज लागतो. त्यांनी ताबडतोब अर्ज आणला, उभ्या उभ्या भरला, वाकून मला दिला.

जागा मागण्याचं कारण, या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: "दुसरीकडे कुठे ठेवावं सुचलं नाही."

तिसरा खण असतो कशाला? मी अर्ज मंजूर केला आणि त्या दिवशी सूप वाढलं.